चोथ्याची पर्स

४ फेब्रुवारी

झालं! पर्स माझ्याच गळ्यात पडली.

आमच्या दुकानाची जुनी रीत आहे. नवीन कातडं, कापड, काहीही आलं की त्याची पहिली वस्तू सगळ्यांत निष्काळजी माणसानं महिनाभर वापरायची. टिकली तर विक्रीला. हे पद गेली कित्येक वर्षं निर्विवाद माझ्याकडे आहे. एरवी मी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिते, डब्यात घालायच्या कार्डांचा मजकूर लिहिते. पण मालकीणबाईंच्या मते माझी खरी गुणवत्ता आदळआपटीत.

या वेळी कातडं नाहीच. रसाच्या कारखान्यातला सफरचंदाचा चोथा वाळवून, दाबून केलेले कातड्यासारखे ताव — आणि ते करणारी माझी धाकटी नणंद! म्हटलं, बाई, ही दुसऱ्या कुणाला द्या. तर म्हणतात, "म्हणून तर तुम्हाला. नणंदेच्या वस्तूला नावं ठेवायला भावजयीइतकं तत्पर कोण?"

टिकली तर सगळ्या शाखांची ऑर्डर तिला. नाही तर तिची ताव करायची शेड बंद, आणि ती परत कुठल्यातरी रंगाच्या कंपनीत नोकरीला. तिनंच सांगितलं. हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

९ फेब्रुवारी

नळाखाली धरली. गाडीच्या दारात चिमटली. शाई सांडली — पुसली तर गेली! मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. चोथा इतका सोशिक कसा? नवरा म्हणाला, "माझ्या बहिणीची आहे. चिवट असणारच."

तिचा रोज फोन. "कशी आहे?" "गुडघा दुखतोय जरा." "तुम्ही नाही हो वहिनी, पर्स!"

१३ फेब्रुवारी

बाईंना या पर्सना भारदस्त नाव हवंय. 'वल्कला' सुचवलं. ऋषी वल्कलं नेसून वनात जात. आमची गिऱ्हाइकं ती खांद्याला लावून विमानात जातील. बाई खूश. संस्कृत शिकल्याचं एकदाचं सार्थक झालं!

१९ फेब्रुवारी

पर्सचा कोपरा हीटरला टेकून राहिला. नखानं खरवडलं तर वरून पारदर्शक पापुद्रा निघाला — दुधावरच्या सायीसारखा, अलगद. काडी लावून पाहिली. आकसला, काळा गोळा झाला, आणि वास बादली जळाल्यासारखा.

प्लास्टिक.

खाली चोथा होता. तपकिरी, खरखरीत, बिचारा.

२० फेब्रुवारी

फोन मीच केला. "प्लास्टिकचा एकच हात दिलाय, वहिनी. नाही दिला तर घडीवर भेगा पडतात. हंगामभरसुद्धा टिकत नाही. काय करू?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला चेहऱ्यावर काही लपवता येतं? कधी जमलंय?"

नाही जमलं. आजही नाही. जेवताना नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

२१ फेब्रुवारी

बाईंना सांगायचं की नाही? घरभर फेऱ्या मारतेय. पर्स खांद्यावरच — जणू आम्ही दोघी कुठे निघालोय!

२४ फेब्रुवारी

सांगितलं बाईंना. कोपऱ्याचा उरलेला पापुद्रा सोलून टेबलावर ठेवला. त्या दचकल्यासुद्धा नाहीत! "लेप द्यायला मीच सांगितलं तिला. फक्त बघायचं होतं, तुमच्या कधी लक्षात येतं. तुम्ही इतकी झोडपलीत तरी इतके दिवस लागले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जन्मात यायचं नाही."

म्हणजे परीक्षा पर्सची नव्हतीच. माझ्या डोळ्यांची होती!

"आता मजकूर घ्या. 'संपूर्ण वनस्पतिजन्य'."

"'बहुतांशी' म्हणू या का?"

"या किमतीला 'बहुतांशी' कोण घेईल हो?"

२५ फेब्रुवारी

धाकटी फोनवर रडकुंडीला आलेली. "महिना संपेपर्यंत तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या, वहिनी. पण कार्डावर लेपाचं स्पष्ट लिहू, असंही म्हणाल्या होत्या!"

"कार्ड लिहिणारी मीच आहे. नाही म्हणते."

तिच्या मागे शेडमधलं यंत्र चालल्याचा आवाज.

"नको. तुमची नोकरी जाईल आणि ऑर्डरही. त्या म्हणतात तसं लिहा. पुढच्या वर्षी बिनलेपाचं जमवीन मी. नक्की जमवीन."

२८ फेब्रुवारी

लिहिलं. 'वल्कला — संपूर्ण वनस्पतिजन्य.' पूर्ण वाक्य करायचं टाळलं. समासात बरंच काही झाकलं जातं. बाई म्हणाल्या, "वाचताना किती पवित्र वाटतं!" नवऱ्याला वाचून दाखवलं. "छान आहे," म्हणाला, आणि उठून उगाचच खिडकी पुसायला लागला.

नमुना कार्ड धाकटीकडेही गेलं. तिचा आज फोन नाही.

१ मार्च

आजही नाही. मीही केला नाही. काय बोलणार — गुडघा बरा आहे?

३ मार्च

तिनं माल पाठवलाच नाही. ऑर्डर नको म्हणून सकाळी बाईंना परस्पर कळवलं. मग मला फोन: "माझा लेप मी खपवून घेतला असता, वहिनी. तुमच्या हातचं खोटं नाही सोसवत. शेड रिकामी करतेय. दादाला घेऊन या, खोकी जड आहेत."