उशिरा आला तर?

कुंभकोणम, मंगळवार संध्याकाळ

डायलिसिसच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर तपासायला मॉडेल, म्हणजे काय काय घडू शकतं याचा चौकटींचा आराखडा, मीच काढलं होतं. दोनच चौकटी: पेशंट आला, पेशंट नाही आला. त्यावरून संगणकाने शेकडो चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. "आणि उशिरा आला तर?" मीनाक्षीने, माझ्या सहकारिणीने, विचारलं होतं. मी म्हणाले, "ते मागितलेलं नाही." का म्हणाले?

आज इन्नंबूर गावचे एक आजोबा बस चुकल्याने उशिरा पोचले. सिस्टीमने त्यांची पाळी दुसऱ्याला दिली होती. ते परत गेले. दुपारी धाप लागली म्हणून त्यांना उचलून आणलं. वाचले. पण उशिरा आला तर... आणखी एक चौकट काढायची होती, बस्स.

भेटायला गेले. त्यांच्या बायकोने हात जोडले. "अम्मा, उशीर आमचाच झाला. माफ करा."

मी मान डोलावली. तिला माफ करून आले मी!