मामंजींचा बाहुला

रत्नागिरी, नोव्हेंबर १९८५, मंगळवार

मामंजींसारखा दिसणारा बाहुला एकदाचा झाला. नवा कुठून आणणार? घरात पडलेला जत्रेतला वीतभर प्लास्टिकचा शिपाई घेतला, हात हलणारा. बंदूक कापली, जुन्या बनियनची बंडी शिवली, होडीचा उरलेला निळा रंग चड्डीला लावला. मुंबईला वन्संच्या चिमीकडे पाठवायचा आहे.

उजवा हात मात्र मी पाचही बोटांसकट होता तसाच ठेवला. मामंजींची त्या हाताची तीन बोटं होडीच्या दोरात गेली. मे महिन्यात चिमी आली होती, ती तो हात बघून रडली आणि मग त्यांच्याजवळ गेलीच नाही.

संध्याकाळी मामंजींनी बाहुला उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "बोटं काप याची."

"पोर घाबरेल हो."

"मग हा मी कसा?"

तो हात मी चिमीसाठी झाकत होते, की माझ्यासाठीच? असो.

ब्लेड तापवून तीन बोटं उडवली. जळका वास सुटला. मामंजी शेजारीच बसून बघत होते. मग त्यांनी बाहुल्याचा तो हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"खेळू दे तिला ह्याच्याशी," म्हणाले. "म्हणजे मे महिन्यात माझ्याजवळ येईल."