नवाबाचा कोपरा

कोटखाईच्या वर, हिमाचल
२० डिसेंबर

आदरणीय बाबा व आई यांना आकाशचा सविनय जयभीम. मेघाताईस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, ताईचं पत्र काल भाजीच्या जीपबरोबर आलं आन् मी ते उभ्याउभ्याच वाचलं. इथं फोनला रेंज नाय, नाय तर आत्ता ओरडूनच बोललो असतो.

बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना नाय झाला, आन् तुम्ही वॉकर घेऊन नवाबला नाल्यावर न्यायला निघालात? वर पडलात! म्हणे कुत्रं अंगणात काही केल्या करत नाय, दिवसदिवस दाबून धरतं, रस्त्यावर नेलं की मगच मोकळं होतं. एवढा नवाबीपणा शिकवला कुणी त्याला? ताईला पहाटे शेंद्र्याच्या कंपनीची बस, आईला सातला हापिसं झाडायला जायचं. म्हणून आईनं ठरवलं की सव्वीस जानेवारीला पुंडलिककाका टेम्पो घेऊन येतील आन् नवाबला वेरूळला मळ्यावर नेतील. आई, तुझं चुकलं म्हणत नाय मी. बाबा परत पडले तर उचलायचं कुणी? पण शहागंजातून पिशवीत घालून आणलेलं पिल्लू ते. मी घर सोडल्यापासनं बाबा माझ्याशी नाय बोलत तेवढं त्याच्याशी बोलतेत. ते गेल्यावर काय भिंतीशी बोलतील?

आता नीट ऐका! लई खूश हाय मी, कारण ह्या आठवी नापास पोराला जे एकच काम येतं तेच तुम्हाला लागलंय. इथं बडे लोक आपले कुत्रे ठेवून परदेशी जातेत. सतरा कुत्रे माझ्या हाताखाली! बर्फ पडला की फाटकच उघडत नाय, मग सगळ्यांनी अंगणाच्या एका कोपऱ्यातच उरकायचं. एक तर वासराएवढा हाय, त्यालाबी शिकवलं. मी शिकवलं, बाबा, मी!

तर आपल्या अंगणातला पपईच्या झाडाजवळचा कोपरा धरा. रोज तोच. नाल्याच्या लिंबाखाली नवाब जिथं जातो तिथली टोपलंभर माती आणून कोपऱ्यात टाका. कुत्र्याला जागा नाकानं कळती, डोळ्यानं नाय. सकाळी उठल्याउठल्या आन् जेवल्यावर दोरी लावून तिथं न्यायचं आन् गप राहायचं. खेळायचं नाय, रागवायचं तर मुळीच नाय. केलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बाबांना खुर्चीत बसूनबी जमंल. पंधरा दिवसांत होतं बघा. काकांना सांगा, टेम्पोत डिझेल भरू नका!

माझ्यावरचा लोभ कमी असला तरी चालंल, नवाबवरचा टिकवा.

तुमचा आकाश


छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी

चि. आकाश यास मेघाचा जयभीम व अ. आ.

तुझं पत्र बाबांनी आधी स्वतः वाचलं, मग मला मोठ्यानं वाचायला लावलं. तुझं नाव घेत नाहीत, 'हिमाचलवाला असं म्हणतो' एवढंच सांगतात.

आक्या, बारा दिवस झाले, काहीही नाही. माती आणली. शेजारच्या गोजरबाईनं विचारलं की काय लावताय, तर बाबांनी गंभीर तोंडानं गुलाब सांगितलं. ती आता रोज भिंतीवरून डोकावते, गुलाब कुठंय म्हणून. सकाळी बाबा खुर्ची टाकतात, हातात दोरी, आणि दोघं एकमेकांकडं बघत बसतात. नवाब कोपरा हुंगतो, चारदा शिंकतो आणि फाटकाकडं तोंड करतो. परवा तर वीस तास दाबून धरलं त्यानं. मी शिफ्टवरून आले ती चप्पल न काढताच त्याला घेऊन पळाले.

आईला दोष देऊ नको, ती तिच्या परीनं करतेय. पाचला उठून पपईच्या कोपऱ्यापासूनच अंगण धुवायला घेते, फिनेल टाकून. कुत्र्याला जागा तरी चकचकीत मिळावी म्हणते. त्या मातीचा चिखल झाला तर तोही खराट्यानं काढला. तुला ठाऊक आहे ती कशी आहे. तीस वर्षं लोकांच्या फरश्या पुसल्या, ही एवढीच जागा माझ्या नावावर आहे, तिथं काडी पडू देणार नाही, हे तिचं ठरलेलं.

पुंडलिककाकांचा फोन येऊन गेला. झेंडावंदन करून निघतो म्हणाले. तेव्हापासून नवाबाचं ताट बाबा स्वतः घासतात, कुणाला हात लावू देत नाहीत.

थंडीत कानाला गुंडाळत जा. माया तशीच आहे, ओरडणंही.

तुझी ताई मेघा


कोटखाईच्या वर
१५ जानेवारी

आदरणीय आईस आकाशचा सविनय जयभीम. बाबांनाही. पण हे पत्र तुला हाय.

आई, सापडलं! ताईचं पत्र वाचताना मी असा ओरडलो की सतराच्या सतरा कुत्रे भुंकायला लागले आन् मालकीणबाई आग लागली समजून बाहेर आल्या.

अगं, कुत्रं स्वतःचाच वास शोधत जातं. तो लागला की त्याला कळतं, व्हय, हीच आपली जागा. आन् तू रोज पहाटे त्याच्या आधी उठून तो वास धुऊन काढतीस! वर फिनेल. ते बिचारं शिंकंल नाय तर काय करंल? इथं मीबी पहिल्या आठवड्यात हौसेनं कोपरा धुतला होता, लई शिव्या खाल्ल्या.

आता मागायला तोंड नाय मला, तरी मागतो. त्या अंगणाचं तुला काय हाय ते मला ठाऊक हाय. लहानपणी चिखलाचे पाय घेऊन आलो की मला फाटकाबाहेर उभं करून धुवायचीस. पण पपईजवळची चार हात जागा नवाबला दे. बाकीचं सगळं तुझं, आरशासारखं ठेव. तिथं फक्त पाणी नको, फिनेल नको, खराटा नको. घट्ट असंल ते ताई राख टाकून उचलंल, बाकी तसंच राहू दे. माती परत आण.

आन् तुला नाय जमलं तर रागवणार नाय मी. ही नोकरी सोडून येतो आन् मीच त्याला फिरवतो. शेंद्र्याची सोडली, शहागंजातल्या दुकानातली सोडली, मला सवय हाय. ही सोडताना मात्र जड जाईल, हे पहिल्यांदाच होतंय.

पत्र सव्वीसच्या आत पोचू दे एवढंच. तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,

आकाश


छत्रपती संभाजीनगर
२६ जानेवारी

चि. आकाश यास सांडूचा जयभीम व आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नसतो. आज लिहितो.

तुझं पत्र बावीसला आलं. मेघानं वाचून दाखवलं. तुझी आई उठून भांडी घासायला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बादली भरली, अंगण धुवत आली आणि पपईच्या अलीकडं थांबली. बराच वेळ खराटा घेऊन तशीच उभी होती. मी खिडकीतून बघत होतो. मग दुपारी कामावरून येताना स्वतःच नाल्यावरून माती घेऊन आली.

तेवीस, चोवीस, पंचवीस, काही झालं नाही. शिंकणं तेवढं थांबलं. काल मी नवाबाचं ताट आणि गोधडी पिशवीत भरली.

आज साडेनऊला टेम्पो आला. पुंडलिकनं मागची फळी पाडली. मी दोरी त्याच्या हातात दिली आणि दुसरीकडं बघितलं. नवाब टेम्पोपर्यंत गेला, थांबला, आणि पुंडलिकला फरफटत फाटकातून परत आत घेऊन आला. पपईजवळ तीन चकरा मारल्या आणि बसला. दोन्ही केलं. सावकाश केलं.

तुझी आई अशी ओरडली की गोजरबाई मी पडलो समजून धावत आली. गुलाबाचं खरं काय ते तिला तेव्हा कळलं. अर्धी गल्ली बघायला जमली. अंड्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, तुझ्या आईनं झेंडावंदनाची जिलेबी त्याला भरवली आणि पाठीवरून हात फिरवत बसली. पुंडलिकनं विचारलं की मग मी कशाला आलो, तर तिनं त्याला चहा प्यायला आलास म्हणून सांगितलं आणि तीन कप पाजले. टेम्पो रिकामा गेला. मी पिशवी सोडली आणि ताट जागेवर ठेवलं.

नोकरी सोडून येतो असं तू लिहिलंस. सोडू नकोस. तुला काम येतं, ते आज मी डोळ्यानं बघितलं आणि पुंडलिकलाही तुझं नाव घेऊन सांगितलं. रजा काढून ये.

लोभ होताच. सांगायचा राहिला होता.

तुझा बाप,
सांडू