मामांसाठी दोन शब्द

जालना, बुधवार

ती. तातेराव मामा यांस,

भाची प्रियदर्शनीचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, भाचीनं मामाच्या नाही, हे मला ठाऊक आहे. दर दिवाळीला तुम्ही वाकता आणि मी टुणकन मागे उडी मारते. पण या खेपेला रीत राहू द्या बाजूला. मी पाय धरलेत आणि तुम्ही काही बोलेपर्यंत सोडणार नाही.) इकडे सगळे बरे आहेत. तुमची तब्येत विचारायची मात्र माझी हिंमत होत नाही, कारण गेल्या रविवारी अख्खा परतूर तालुका ती विचारायला तुमच्या दारात येऊन गेला, आणि तोही माझ्यामुळे. तुमचा फोन बंद. मामीला लावला तर ती म्हणते, "झोपलेत." (सकाळी अकराला? तुम्ही? पहाटेची गाडी कधी न चुकवलेला माणूस?) म्हणून हे पत्र आष्टीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवणार आहे. त्याला विचारून ठेवायला आज स्टँडवर गेले होते. तुमचं नाव काढल्यावर तो दचकला आणि कुणाला द्यायचं म्हणाला. त्यांनाच, म्हटलं. ते आहेत.

मामा, तुम्हाला राग आलाय तो रास्तच आहे, पण झालं ते कसं झालं एवढं सांगू द्या. आमच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला एका गाण्याचा व्हिडिओ करायचा असतो. नुसता करून भागत नाही. हा कुणासाठी केला, बघणारा त्यातून काय अर्थ काढील, त्याला आधी दाखवून मत घेतलं का आणि ते ऐकून काय बदललं, हे सगळं सरांना लिहून द्यावं लागतं आणि निम्मे गुण त्यालाच असतात. सर सांगतात की करणारा एक अर्थ घालतो आणि बघणारा आपल्या अनुभवातून भलताच काढतो. बघणारे तीन तऱ्हेचे. काही आपण म्हणू ते मानतात, काही अर्धं मानतात, काही पार उलटं घेतात. (हार घेऊन घरी येणारी चौथी तऱ्हा सरांनी शिकवली नव्हती.)

शूटिंगला तुम्ही काय हौसेनं आलात, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. नवा पोपटी शर्ट, गॉगल, मिशीला ताजा कलप. भागवत पाटलांच्या शाळेची जुनी बस तुम्हीच मागून आणलीत, तुम्हीच धुतलीत आणि ड्रायव्हरची रीत म्हणून आतल्या आरशाला झेंडूचा हार घालून समोर दोन उदबत्त्या लावल्यात. मंठ्याहून अलीमचाचा आले ते कंडक्टरचा खाकी ड्रेस इस्त्री करून. एसटीत ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून एवढी वर्षं एका गाडीवर काढलेली तुम्ही दोघं म्हातारी माणसं त्या दिवशी लग्नातल्या करवल्यांसारखी नटला होता. चाचांनी दोरी ओढून बेल दिली की तुम्ही गाडी हलवायची, एक टिंग म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, एवढंच काम. पण ते करताना तुमच्या दोघांच्या तोंडावर जे होतं ते शिकवून येत नाही. गाणं आमच्या वर्गातल्या माऊलीचं. मुक्कामी गाडीवर निघालेला ड्रायव्हर बायकोला सांगतो, "निघालो मी, वाट पाहू नको, दिवा तेवढा ठेव." रात्री गाडी दुसऱ्या गावी, सकाळी परत. आमच्या डोक्यात एवढा साधा अर्थ होता हो!

मग मतं घ्यायला सुरुवात केली. वर्गातली पोरं म्हणाली, मामांचा शर्ट डोळ्यात घुसतो, बाकी काही दिसतच नाही. म्हणून संकलन करणाऱ्या फलकनं सगळं काळंपांढरं केलं. कुणी म्हणालं, घाई वाटते, म्हणून तुम्हाला संथ चालवलं. कुणी म्हणालं, मामा शेवटी जातात कुठे ते कळत नाही, म्हणून तुम्ही रस्त्यानं चालत चालत पांढऱ्या उजेडात विरघळता असं केलं. कुणी म्हणालं, ती टिंगटिंग रसभंग करते आणि कंडक्टरकडे उगीच लक्ष जातं, म्हणून बेल काढली आणि बेलीबरोबर अलीमचाचाही गेले. (हे मी त्यांना सांगितलं नाही. धीर झाला नाही.) आणि कॅमेरावाला आमिर म्हणाला, आरशातला मामांचा चेहरा भारी आलाय, शेवटी तोच थांबवून ठेवू. म्हणजे चौकट, चौकटीत तुम्ही, चौकटीला हार, पुढं उदबत्तीचा धूर, तेही काळ्यापांढऱ्यात. मामा, मी तुम्हाला एकदम मारलं नाही. प्रत्येकाचं ऐकता ऐकता तुम्ही थोडे थोडे गेलात. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं तुम्हीच मला सांगत आलात. मी दोन्ही जनाचंच केलं.

तरीही निभावलं असतं, पण सरांचा नियम होता की बघणाऱ्याला हो-नाहीचा प्रश्न विचारू नका, त्याला मोकळेपणानं बोलू द्या. म्हणून शनिवारी मी व्हिडिओ आपल्या सगळ्या नातलगांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मामांसाठी दोन शब्द लिहा." खरंच एवढंच लिहिलं. पुण्याच्या काकांनी हात जोडले. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी हात जोडले आणि व्हिडिओ गावोगाव पुढं पाठवला. मला वाटलं, नमस्कार केला, आवडलं! कुणी लिहिलं, "विश्वास बसत नाही." मला वाटलं, एवढं चांगलं झालंय! मी एकेकाला उत्तर देत बसले, "धन्यवाद, असंच प्रेम राहू द्या." (मामी म्हणते, या उत्तरामुळे लोकांची उरलीसुरली शंका फिटली.) बाप दाखव नाही तर श्राद्ध घाल म्हणतात. मी मामा दाखवला आणि श्राद्धही घातलं.

रविवारचं तुम्ही स्वतःच पाहिलंत, पण मामीनं मला सांगितलं ते खरं का तेवढं कळवा. तुम्ही कटिंगच्या दुकानात कलप लावून बसला होता म्हणे, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून घरी आलात तर अंगणात ही गर्दी. पिंपळगाव रेणुकाईहून तुळजाबाई आत्या मिरच्यांचा बाजार सोडून जीपनं आल्या होत्या आणि त्याच हातांनी डोळे पुसत होत्या, त्यामुळे नंतर तुम्ही जिवंत दिसलात तरी त्यांचं रडणं काही थांबेना. तुम्ही बिचारे गुपचूप मागे गावातल्या पुंजारामशेजारी जाऊन बसलात आणि विचारलंत, "कोन गेलं हो?"

"तातेराव गेला," पुंजाराम मान खाली घालूनच म्हणाला.

तुम्हाला वाटलं, असेल दुसरा कुणी तातेराव. तुम्ही हळहळलात आणि विचारलंत, "कसा होता मानूस?"

"मानूस बराबर होता. पन गाडी लई जोरात हानायचा."

यावर तुम्ही जे ओरडलात ते म्हणे पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. "मी? कवा हानली मी जोरात?" पुंजारामनं वर पाहिलं, टॉवेलखालून काळे ओघळ आलेला तुमचा चेहरा पाहिला आणि तो चप्पल तिथंच टाकून पळाला.

फोनवर हे ऐकताना मी हसले, मामा. खोटं कशाला बोलू. पण मग मामीनं पुढचं सांगितलं आणि हसू तिथंच थांबलं. पोरं तुम्हाला स्वर्गीय मामा म्हणून हाक मारतात, म्हणून तुम्ही पारावर जाणं सोडलंत. आणि गर्दी पांगल्यावर तुम्ही मामीला एकच गोष्ट विचारलीत, "अलीम आल्ता का?" ती न्हाई म्हणाली. त्यावर तुम्ही ताट सारलंत, फोन बंद केलात आणि भिंतीकडे तोंड करून पडलात ते पडलातच. मेल्याची थट्टा तुम्ही सोसली असती. पण सगळा तालुका आला आणि चाचा आले नाहीत, हे तुम्हाला लागलं. त्यांना व्हिडिओतून मी काढलं, त्या रागानं ते आले नसतील तर तुमचा आयुष्याचा दोस्त मी तोडला. तीन तऱ्हेच्या प्रेक्षकांचा एवढा अभ्यास केला, पण ज्या दोन माणसांवर तो व्हिडिओ होता त्यांना आधी दाखवावा हे मला सुचलं नाही. मला फार फार वाईट वाटतंय, मामा. माफ करा म्हणायलाही लाज वाटते, तरी म्हणते. जेवत जा.

तुमची अपराधी भाची,
प्रियदर्शनी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. सरांनी व्हिडिओ पाहिला, चष्मा काढून पुसला आणि शेऱ्यात लिहिलं, "दिवंगत मामांना यापेक्षा सुंदर निरोप असूच शकत नाही." वर्गात सगळ्यात जास्त गुण मला. शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये तो दाखवणार आहेत आणि सुरुवातीला सगळे उभं राहून शांतता पाळणार आहेत. तेव्हा माझी हात जोडून विनंती, की शनिवारी तुम्ही येऊ नये, आणि निकाल लागेपर्यंत जालन्यात कुठं दिसूही नये. तसेही तुम्ही सध्या घराबाहेर पडत नाही आहात.

ता. क. २ (गुरुवार). वरचा ता. क. मी खोडलाय, तरी तो वाचता येतोय हे मला दिसतंय. वाचला असेल तर विसरा. तो लिहिल्यावर मला माझीच किळस आली. आज मंठ्याला जाऊन आले. म्हटलं, चाचांच्या शिव्या खाऊ, पण खरं काय ते विचारू. ते ओट्यावर बसले होते. मी रडतच विचारलं, सगळे आले, तुम्ही का नाही आलात? तर चाचा म्हणाले,

"बेटा, मी पूरा बघितला तुझा पिक्चर. घरचे सगळे रडून राह्यलते. मी म्हनलं, रडता काय? बेल कुठाय ह्याच्यात? डबल बेल बिगर तातेरावनं आजवर गाडी हलवली न्हाई. मी बेल दिली न्हाई, मंग तो गेला कसा? जित्या मानसाच्या मातीला मी बिलकुल जात न्हाई."

तिथून थेट कॉलेजात गेले आणि सरांना खरं सांगून टाकलं. त्यांनी लगेच भावनिक परिणामाचे गुण खोडले. (तुम्ही जिवंत निघाल्यानं परिणाम कमी झाला म्हणतात.) शनिवारी आता जुनी प्रत लागणार, रंगीत, तुमच्या पोपटी शर्टाची, चाचांच्या बेलीसकट. मामीला सांगा, तो शर्ट इस्त्री करून ठेव.

आणि चाचांचा निरोप असा. शनिवारी सकाळी ते मंठ्याहून आष्टीवरून जालन्याला येणाऱ्या गाडीत बसतायत. घरी येणार नाहीत, खाली उतरणारही नाहीत. तुमच्या स्टँडवर गाडी आली की ते स्वतः एक बेल देऊन ती थांबवतील. कंडक्टरला त्यांनी आताच सांगून ठेवलंय, की म्हातारा ड्रायव्हर आहे, सावकाश चढेल, आणि तो चढेपर्यंत दुसऱ्या बेलीला कुणी हात लावायचा नाही.