दाराजवळचा पट्टा

४ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वगैरे सगळं पोचलं असं समज, माझे हात कोपरापर्यंत ओले आहेत आणि कागद भिजतोय.

फोनवर तू नुसतं बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. पोस्टाच्या खिडकीत दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारते, एखादं आपलंही लिहावं. बाबांची छाती पुन्हा भरली. बारा दिवस झाले, दवाखान्यात आहेत. आता बरे आहेत, म्हणजे नर्सशी भांडण्याइतके बरे. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि झोपायच्या खोलीत ओल आहे का म्हणून विचारलं. मी सांगितलं, खिडकीकडच्या वॉलपेपरमागे काळी बुरशी धरलीय. त्यावर त्या म्हणाल्या की त्या खोलीत पुन्हा झोपले तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही. असं तोंडावर सांगितलं रे. जिना त्यांना चढवत नाही आणि खाली खोली एकच. एकवीस तारखेला घरी आणायचंय, त्याआधी कागद निघायलाच हवा.

खोली म्हणजे तुझीच. तू गेल्यावर बाबांनी त्यांच्या पुस्तकं बांधायच्या खळीने स्वतः कागद लावला आणि स्वतःच तिथे झोपायला लागले. तेव्हापासूनची नऊ वर्षं तो भिंतीला असा धरून बसलाय की विचारू नकोस. गरम पाणी मारलं, व्हिनेगर मारलं, शेजारणीची कपड्यांची वाफेची इस्त्री मागून आणली. तीन तास घासून तळहाताएवढा तुकडा निघाला, तोही गिलाव्यासकट. रंगारी येऊन बघून गेला आणि मान हलवून म्हणाला की हे रंगाऱ्याचं काम नाही, हे बुकबाइंडरचं पाप आहे.

तूच सांग बाबांनी खळीत काय घातलं असेल. आणि जमलं तर ये. मला एका जागी बसवत नाही, उभं राहवत नाही, जेवताना चमच्यानेसुद्धा भिंत खरवडून येते.

लोभ आहेच. वाढवायचा तर उत्तर लगेच धाड.

तुझी,
धाकटी

*

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ., आणि आधी ती इस्त्री परत कर, बिचारीची जाळशील.

खळीत सरस घातलाय, दुसरं काय. मैद्याची खळ, वर सरस, किडीसाठी मोरचूद. मोठ्या वह्यांच्या पुठ्ठ्याला आम्ही हेच लावायचो. घासून निघत नाही, घासलंस की आणखी घट्ट बसतं. आधी कागदाची वरची गुळगुळीत साल कोरडीच सोलून काढ, तिच्यातून पाणी आत जात नाही. मग गरम पाण्यात पिळलेली जुनी फडकी भिंतीवर चिकटव आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस. तुला हे जमणार नाही ते मला ठाऊक आहे, तरी लावू नकोस. सरस मऊ झाला की बाबांची कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी घे आणि खालून वर सरकव. धारेचं काही वापरू नकोस.

यायचं म्हणशील तर नाही. कारखान्यात नवं यंत्र बसतंय, हे एक कारण. दुसरं तुला माहीत आहे. शिवण न घालता नुसत्या गोंदावर पुस्तकं बांधणाऱ्या ठिकाणी मी नोकरी धरली, तेव्हा बाबा म्हणाले होते की या घरात तुझी खूण ठेवणार नाही. मला वाटलं, रागात बोलले. पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं, की दाराजवळ तुझी उंची मांडलेल्या रेघांवर बाबांनी आज कागद लावला, एकही दिसत नाही. तुझ्या रेघा स्वयंपाकघराच्या चौकटीवर अजून आहेत ना? माझ्याच तेवढ्या गेल्या.

ते आम्हाला शिकवायचे, आठवतं? जे कायमचं, त्याला पूर्ण खळ. जे पुन्हा काढायचं, त्याला नुसती कड, खळ फक्त कडेकडेने. भिंतीला त्यांनी सरस घातलाय. मग मी काय समजायचं?

त्यांना जप. औषधाच्या वेळा चुकवू नकोस.

तुझा,
दादा

*

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. आणि वरती राग.

पंधरा मिनिटं थांबायला सांगणं फार सोपं आहे. पहिल्या दिवशी मी सातव्या मिनिटाला फडकं उचललं आणि भिंतीचा पोपडा हातात आला. दुसऱ्या दिवशी घड्याळ उशीखाली दडवून ठेवलं आणि अंगणात फेऱ्या मारल्या. शेजारीण म्हणाली, काय हो, प्रसूतीची वाट बघताय का कुणाच्या? पण निघतोय कागद. खिडकीची भिंत मोकळी झाली. मागे भिंतभर काळी बुरशी. बाबा नऊ वर्षं तिच्याकडे तोंड करून झोपत होते.

दवाखान्यात रोज जाते. काल त्यांनी माझे हात पाहिले. नखांत सरस अडकलेला. वास घेतला आणि विचारलं की कुठली भिंत काढतेस. मी म्हटलं, सगळ्या. त्यावर तोंड फिरवून झोपले. झोपले नव्हते, पापण्या हलत होत्या. निघताना मला म्हणाले, दाराजवळचा पट्टा तू काढू नकोस, मी येऊन काढीन. अरे, शिडीवर चढायचं लांब राहिलं, त्यांना चप्पल घालताना दम लागतो.

दादा, ते पत्र मी लिहायला नको होतं. मला वाटलं तुला कळायला हवं, म्हणून बाबांशी एक अक्षर न बोलता लिहून मोकळी झाले. बाबांना विचारलं असतं तर ते काहीतरी बोलले असते, चार शिव्या का होईना. नऊ वर्षं तू माझ्या एका पत्रावर बसलायस आणि मी शिक्के मारतेय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकही चौरस फूट ठेवायचा नाही. म्हणजे दाराजवळचाही काढायचाच. काय करू ते कळव. नाहीतर नको कळवूस, मी काढतेच.

धाकटी

*

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ.

काढ. बाबांचा जीव रेघांपेक्षा मोठा आहे. रेघा सरसाबरोबर येतीलच, पेन्सिल ओल्या गिलाव्यावर टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे तू रडत बसणार नाहीस.

आज कामात लक्ष नव्हतं. दोनशे पुस्तकांना उलटी कव्हरं लागली तेव्हा फोरमन धावत आला. तुझ्या पत्राचा दोष नाही, म्हणजे आहेच थोडा.

तेव्हा मीही फोन करून बाबांना विचारू शकलो असतो. नाही केला. तुझ्या एकटीच्या माथी मारू नकोस.

दादा

*

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. हातात तुझंच पत्र धरून लिहितेय, चूकभूल सांभाळून घे.

काल पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फडकी गरम केली, शिडी लावली, दाराजवळच्या पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यात नख घातलं, आणि पट्टा खाली आला. आपोआप. पूर्ण. कोरडा. माझ्या डोक्यावरून घसरून जमिनीवर पडला. मी शिडीवर फडकं घेऊन तशीच उभी.

दादा, त्याला नुसती कड होती. चारही बाजूंना बोटभर खळ, सरसाशिवाय. मध्ये काही नाही. बाकीच्या सगळ्या खोलीला सरस, आणि त्या एका पट्ट्याला कड. आत भिंतीवर पातळ कागद लावलाय, पुस्तकातल्या चित्रावर बाबा ठेवतात तो, चित्राला घासू नये म्हणून. तो उचलला तर तुझ्या सगळ्या रेघा तशाच्या तशा आहेत. बाबा पुस्तकांच्या लेबलांवर काढतात त्या अक्षरात तारखा. पाचव्या वर्षीच्या रेघेशेजारी लिहिलंय, टाचा उचलल्या, अर्धं बोट वजा. मी रडले. तू नको म्हणालास तरी रडले, त्या रजेचं दुसरं काय करायचं होतं.

बुरशी तिथे नाही, आतली भिंत आहे ती. डॉक्टरीणबाईंना विचारलं, एवढी उघडी राहिली तर चालेल म्हणाल्या.

बाबांना मी काही बोलले नाही. या वेळी मधे मी नाही. परवा घरी येतील, बघतील.

मी सगळं लिहिलं आहे, आता तुझं तू बघ. लोभ मागत नाही, तू ये.

धाकटी

*

२३ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,

अनेक उ. आ.

परवा घरी आलो. प्रकृती बरी आहे. धाकटीने खिडकीकडची भिंत फार ओरबाडली आहे. घाई हा तिचा जुना रोग. बाकी काम ठीक. फडकी कुणी सांगितली ते मी विचारलं नाही, मला कळलं.

दवाखान्यात कुणाकडून तरी तुमच्या कारखान्याचं पुस्तक वाचायला मिळालं. मी ते उघडून पाठीवर वाकवून पाहिलं, दोनदा. पानं गळली नाहीत. शिवण असती तर बरं झालं असतं, पण गळली नाहीत.

त्या वेळी बोलायचं नव्हतं ते बोललो. बोललेलं परत घेता येत नाही म्हणून खोलीला कागद लावला, की म्हटल्याप्रमाणे केलं असं व्हावं. दाराजवळ हात चालला नाही. तू येशील तेव्हा काढू असा विचार होता. मग तू आला नाहीस, आणि मीही बोलावलं नाही. माझं चुकलं.

रंगारी सोमवारी येणार आहे. दाराजवळचा पट्टा सोडून बाकीचं रंगव असं त्याला सांगितलं आहे. सतराव्या वर्षी तू भिंतीला उभा राहायला नाही म्हणालास, तेव्हापासून वर जागा रिकामी आहे. पेन्सिल टोक करून ठेवली आहे. मला शिडी चढवत नाही, पण तुझ्या उंचीला शिडी लागणार नाही.

माझा लोभ होता तिथेच आहे, तुझा असल्यास ये.

बाबा

ता. क. टाचा टेकवून उभं राहायचं.