सरावात मोडलेला जबडा आणि आफ्रीनवरची बंदी

प्रति,
मा. शिस्तपालन अधिकारी,
झाडी हौशी बास्केटबॉल मंडळ,
वरोरा, जि. चंद्रपूर.

विषय : मुलींच्या सराव सामन्यात कु. दुर्गा हिचा जबडा मोडल्याबाबत व प्रशिक्षकांच्या तक्रारीवरून कु. आफ्रीन गफ्फार शेख हिच्यावर घातलेली दोन वर्षांची बंदी उठवण्याबाबत.

संदर्भ : आपले बंदीचे पत्र, दि. १० जानेवारी.

महोदय,

अर्जदार ही आफ्रीनची आई. ती गावातल्या एका दवाखान्यात अपघात विभागात आया आहे. ट्रकखाली आलेली माणसे तिने उचलली आहेत, रानडुकराने फाडलेली मांडी दाबून धरली आहे. हे आधी लिहिण्याचे कारण असे, की आपल्या पत्रात "पालक घाबरल्याने गैरसमज झाला" असे म्हटले आहे. अर्जदार घाबरलेली नव्हती. जे दिसले ते तिने नीट पाहिले आहे.

१. प्रशिक्षक प्रफुल सर दिवाळीनंतर मंडळात आले. त्यांच्या मोबाईलमध्ये एक खेळ आहे. त्यात आपण बास्केटबॉल संघाचे मालक असतो. खेळाडू निवडायचे आणि सराव सामना किती जोराचा ठेवायचा ते ठरवायचे. अर्जदाराने सहज विचारले, तेव्हा सरांनी तो कौतुकाने दाखवला. "जोर पुरा लावला का प्लेअर लवकर तयार होतेत बाई. एखांदा मोडला तर बेंचवरचा घ्यायचा." मोबाईलमध्ये हे चालत असेल. तिथल्या खेळाडूला घरी कोणी वाट पाहत नसते.

२. सरांनी तोच कायदा मैदानावर आणला. मुलींचे दोन गट पाडले. सरावात हरेल त्या गटातली एकही मुलगी नागपूरच्या स्पर्धेला जाणार नाही, आणि सरावात फाऊलची शिट्टी वाजणार नाही, असे जाहीर केले. एका डब्यात जेवणाऱ्या मुली एकमेकींना बोचकारू लागल्या. एके दिवशी आफ्रीन घरी आली ती खांद्यावर दातांचे वण घेऊन.

"कोण चावलं?"

"दुर्गा. मीच तिच्या पोटात कोपर घातलं होतं आधी."

दुर्गा ही आफ्रीनची जिवाभावाची मैत्रीण. चिमूरकडची, इथे इसरूभाऊ या मामाकडे राहून शिकते. आफ्रीनने हे सांगितले ते भात वाढून घेता घेता, जणू दोघींनी मिळून एखादे काम उरकले होते. अर्जदाराला त्या वणांपेक्षा तो आवाज जास्त लागला.

३. दि. ५ जानेवारी, रविवार. अर्जदार ड्युटी संपवून रिकामा डबा हातात घेऊन मैदानावर गेली. दुर्गा रिंगखाली चेंडूसाठी उडाली आणि दोन मुलींनी तिला हवेतच धडक दिली. तिचे तोंड लोखंडी खांबावर आपटले. वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती पडली तेव्हा तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि त्यात दात होते.

सर ओरडले, "चालू ठेवा! कोणी थांबायचं नाई!"

मुली तिच्या अंगावरून धावल्या. एकीचा पाय तिच्या बोटांवर पडला. आफ्रीन तेवढी चेंडू धरून उभी राहिली. सरांनी दुर्गाला वेणी धरून उठवले. "नागपूरले काय डोलीत बसून खेळशीन?" मुलीचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तिला उत्तर देता येत नव्हते. उत्तर देत नाही म्हणून सरांनी त्याच तोंडावर चापट मारली.

अर्जदार म्हणाली, "सर, जबडा मोडला तिचा. काऊन मारून राह्यले?"

"बाई, तुमी बाहेर बसा. खेळ आहे हा, हळदीकुंकू नाई."

असे म्हणून त्यांनी पुन्हा हात उगारला.

४. आफ्रीनने तो उगारलेला हात दोन्ही हातांनी धरला. तिने केले ते एवढेच. सरांनी तिला झटकून आपटले आणि तिच्या बरगडीवर गुडघा ठेवला. तेव्हा अर्जदाराने स्टीलचा डबा सरांच्या डोक्यात घातला. एकदा घालून ती थांबली नाही. सर डोके धरून खाली बसेपर्यंत घालत राहिली. सगळ्या मुलींनी हे पाहिले आहे. तरी सरांनी तक्रारीत लिहून दिले, की आफ्रीनने त्यांना मारले. एका आया बाईने मारले हे सांगायची त्यांना लाज वाटली असावी.

५. दुर्गाचा जबडा तारांनी बांधला आहे. ती नळीने पेज पिते. इसरूभाऊ अर्जदाराला म्हणाले, "पोलिसात गेलो तर हे म्हणतीन, पोरी आपसात भांडल्या." दुर्गाच्या जबड्याबद्दल आपल्या पत्रात शब्दशः तेच आले आहे.

६. आपण लिहिता, की सराव चुरशीचा नसेल तर संघ घडत नाही. अर्जदारास ते मान्य आहे. मुलींना दम निघेपर्यंत पळवा, हरवा, हरल्यावर रडू द्या. पण पडलेली उचलायला खेळ थांबला पाहिजे, कारण उद्याही तिच्याच सोबत खेळायचे असते. बंदी आल्यापासून एकही मुलगी मंडळाच्या मैदानात पाय ठेवत नाही. सर तिथे एकटेच शिट्टी वाजवतात. मुली आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेत कडुनिंबाला रिंग ठोकून खेळतात. गेल्या रविवारी आफ्रीनच्या धक्क्याने एक मुलगी पडली. खेळ थांबला. आफ्रीनने तिला हात देऊन उठवले, गुडघ्याची माती झाडली आणि खेळ सुरू होताच तिच्याच हातातला चेंडू हिसकून टाकला रिंगमध्ये. ओट्यावर बसलेली दुर्गा दोन्ही हातांनी जबडा धरून हसत होती. तारांमुळे तिला हसताना फार दुखते.

७. तरी प्रफुल सरांना मुलींच्या सरावापासून दूर करावे. सरावातही फाऊल धरला जावा, आणि रक्त आले की खेळ थांबावा, असा नियम करावा. दुर्गा बरी होईपर्यंत संघातली तिची जागा राखून ठेवावी. आफ्रीनवरची बंदी उठवावी, कारण तिने मारलेले नाही. मारणाऱ्याला मैदानाबाहेर ठेवायचे हा मंडळाचा नियमच असेल, तर तो मोडू नये. मारणारीचे नाव खाली लिहिले आहे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
हाजरा गफ्फार शेख
वरोरा, दि. २१ जानेवारी २०२५

सोबत : दुर्गाच्या जबड्याच्या एक्स-रेची प्रत.