साहेबांच्या बहिणीबद्दल खुलासा

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला माझी कंबर आता राजी नाही, तेव्हा घातला असं धरून चाल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? भावोजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं, की ते अजूनही डॉक्टरांना अंदाजानंच आकडा सांगतात? आम्ही इथे ठीक आहोत. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर आलीस की मीच बोलत नाही, म्हणून कागद घेतला. मंगळवारी तू मला आमच्या साहेबांची पोस्ट पाठवलीस आणि खाली दोनच शब्द लिहिलेस, शिक काहीतरी. हे त्या दोन शब्दांचं उत्तर आहे. मला तुझ्यापाशी एक कबुली द्यायची आहे. ती वाचून तू माझं तोंडही बघणार नाहीस अशी भीती आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

लिफ्टच्या कंपनीत मी नेमकं काय करतो, हे तू दर भेटीत विचारतेस आणि मी दर वेळी 'लिहिण्याचं काम' असं म्हणून विषय बदलतो. लिफ्टला माझा हातही लागत नाही. आमचं वर्तमानपत्र बंद पडल्यावर (एकवीस वर्षं मी तिथे मथळे दिले, बंद पडल्याच्या बातमीचा मथळासुद्धा मीच दिला) मला ही एकच नोकरी मिळाली. नोकरदार मंडळी जिथे एकमेकांची पाठ थोपटतात त्या साइटवर साहेबांच्या नावानं पोस्टी लिहायच्या, हे माझं काम. त्यातही अख्खी पोस्ट कुणाला नको असते. पडद्यावर पहिल्या दोन ओळी दिसतात, त्याखाली 'आणखी वाचा' असं येतं, आणि तिथे बोट टेकवायचे कष्ट कुणी घेत नाही. म्हणजे मला पगार दोन ओळींचाच आहे. हे मला शिकवायला साहेबांनी एक मार्गदर्शक बाई आणल्या होत्या. आमच्या धाकटीच्या वयाच्या. त्यांनी मला बिनखिडकीच्या खोलीत दोन दिवस बसवून समजावलं की पहिल्या ओळीत कुणीतरी मेलं पाहिजे, रडलं पाहिजे किंवा नोकरीवरून निघालं पाहिजे. मी विचारलं, आणि यातलं काहीच झालं नसेल तर? तर आठवा, असं त्या म्हणाल्या.

आता साहेबांना आठवायला लावणं हे सोपं काम नव्हे. कंपनी वडिलांची, केबिन वडिलांची, खुर्चीसुद्धा वडिलांचीच, फक्त गादी नवी. आयुष्यात सर्वांत वाईट काय घडलं, असं मी त्यांना अदबीनं विचारलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ छताकडे बघून 'एकदा विमान चुकलं होतं' असं सांगितलं. दुसरं विमान अर्ध्या तासात मिळालं होतं. एवढ्या भांडवलावर मला आठवड्याला तीन शोकांतिका काढायच्या होत्या.

तेव्हा मी पदरचं घालायला लागलो. पहिली मोठी ओळ अशी होती की 'मी अकरा तास लिफ्टमध्ये अडकलो होतो. बाहेर आलो तो वेगळा माणूस होऊन.' पुढे संयम, नेतृत्व वगैरे होतं. साहेब खूश झाले, लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. फक्त लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा मालक कुणाच्या लिफ्टमध्ये अकरा तास अडकला, हा प्रश्न मला पडला नव्हता, तो तीन इमारतींना पडला. त्यांनी करार मोडले. आमचे सर्व्हिस मॅनेजर, जे एरवी मला चहाला हाक मारायचे, ते त्या दिवसापासून माझ्या टेबलावरून जाताना मान वळवून जातात.

मग दुसरी ओळ. 'काल मी आमच्या सगळ्यांत चांगल्या मेकॅनिकला काढून टाकलं. आज मला शांत झोप लागेल.' खाली, 'आणखी वाचा'च्या पलीकडे, असं होतं की त्याला जुन्या कामावरून काढून वरच्या जागी बसवलं. ते वाचतो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमचे अकराच्या अकरा मेकॅनिक आपापल्या हत्यारांच्या पेट्या घेऊन केबिनबाहेर रांगेत उभे. प्रत्येकाची खात्री होती की सगळ्यांत चांगला आपणच. त्यात ज्याला सगळे 'उद्या' म्हणतात (कारण तो कुठल्याही बिघाडाला तेच उत्तर देतो) तोही पेटी घेऊन आला होता, आणि त्याचेच डोळे सगळ्यांत जास्त भरले होते. त्यांना कोणी काढलेलं नाही हे पटवायला जेवणाची सुट्टी झाली. त्या दिवशी शहरात कितीतरी लोक पायऱ्या चढून घरी गेले असतील.

साहेब चिडले असतील असं तुला वाटेल. मुळीच नाही. आकडे चढत होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं की आता काहीतरी घरगुती हवं, काळजाला भिडणारं, चार वाजेपर्यंत. माझ्याकडे तोवर सगळं संपलं होतं. माझी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया त्यांच्या पोटात घालून झाली होती, माझं दोनदा नापास होणं त्यांच्या नावावर जमा झालं होतं. (आमच्या हिनं तर एकदा विचारलं होतं की आपलं लग्न तेवढं शिल्लक ठेवाल ना.) पावणेचारला मी टाइप केलं: 'माझ्या बहिणीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. शिकलो मी.'

ताई, ते वाक्य साहेबांचं नाही. त्यांची बहीण डोळ्यांची सर्जन आहे आणि तिच्या शिक्षणात कधी कुणी आडवं आलेलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी फोन करून ही बहीण कोण, असा जाब विचारला. ती बहीण तू आहेस. तुझे ब्याऐंशी टक्के आणि माझे एकसष्ट. बाबांची गिरणी बंद झाली, एकाच मुलाला पुढे शिकवता येईल असं ते जेवताना म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तू कॉलेज सोडून शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायला बसलीस. मी त्या वेळी ताटातून मान वर केली नव्हती. पुढेही कधी केली नाही. अडतीस वर्षांत जे तुझ्यासमोर एकदाही बोललो नाही ते मी पाव तासात लिहिलं, आणि लिहून झाल्यावर खाली दुसऱ्याचं नाव टाकलं. मला लाज वाटली नाही, याची मला आता लाज वाटते. त्या वेळी वाटलं ते एवढंच, की ओळ चांगली जमली.

त्यानंतर तू त्या पोस्टखाली लिहिलंस. असं कबूल करणारा भाऊ नशिबानं मिळतो, आमच्याकडे ते मार्क कुणाला आठवतही नसतील, असं. तुला ठाऊक नव्हतं की साहेबांच्या नावानं आलेल्या प्रत्येक कॉमेंटला उत्तरही मीच देतो. सगळ्यांना 'मनापासून आभार' लिहीत लिहीत तुझ्यापाशी आलो, तिथे ते लिहिलं नाही. मग साहेब होऊन विचारलं, ताई, तुम्हाला काय शिकायचं होतं? (तुला अहो-जाहो करायची पहिलीच वेळ.) तू पाच मिनिटांत उत्तर दिलंस. जमीन मोजायचं शिकायचं होतं, नकाशे काढायचे होते, पहिल्या वर्षाची कंपासपेटी अजून शिवणयंत्राच्या खणात आहे, आणि कापड बेतताना अजूनही मनात कोन मोजते. शेवटी लिहिलंस की मला तुमची बहीणच समजा. मी तुझा सख्खा भाऊ. मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तू ते मला सांगितलं नाहीस यात तुझी चूक नाही, कारण विचारलं होतं ते साहेबांनी.

तर तू ज्यांच्याकडून मला शिकायला सांगतेस ते साहेब म्हणजे मीच आहे, फक्त माझ्यात जे थोडंफार बरं आहे ते त्यांच्या खात्यावर निघतं आणि उरलेला मी तुझ्या वाट्याला येतो. रागाव. हवं तर भावोजींना सांगून मोठ्यानं रागाव. पण रागावशील ती माझ्यावर रागाव, त्यांना उगीच नमस्कार पाठवू नकोस.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक राहिलं. पुढच्या महिन्यात कंपनीचा वार्षिक मेळावा आहे. पोस्ट एवढी गाजल्यामुळे त्या बहिणीचा स्टेजवर सत्कार करायचं ठरलं आहे. सर्जनबाईंनी स्वच्छ नकार दिला. आलेच तर माईक घेऊन माझ्या सगळ्या पदव्या वाचून दाखवीन, असं त्या म्हणाल्या. तेव्हा साहेबांनी कॉमेंट चाळून तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही चालेल. सासरच्या आडनावामुळे तू माझी कोण हे त्यांना कळलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. माझा करार त्याच महिन्यात संपतो, आणि तो वाढवायचा की नाही हे मेळाव्यानंतर ठरणार आहे. पाचच मिनिटं उभं राहायचं आहे. साहेब तुला 'माझी ताई' म्हणतील, तू फक्त हसायचंस. खुर्ची ठेवायला सांगतो.

ता. क. २ : तुझा होकार मी काल सकाळीच कळवून टाकला. त्याही वेळी, कॉलेज सुटलं तेव्हा, तुला कुणी विचारलं नव्हतं, हे आत्ता हे वाक्य लिहिताना माझ्या लक्षात आलं. होकार मागे घेतलेला नाही.